शिकागोचा जुना जमिनीचा कागद कसा वाचावा

मोजणी खात्यात नोकरी झालेल्या माझ्यासारख्याला एखादं गाव कळायला आधी त्याचा नकाशा लागतो. शिकागो ज्या राज्यात आहे त्या इलिनॉयमधल्या जुन्या कागदावर असं काहीतरी सापडतं: ‘सेक्शन १६, टाऊनशिप ३९ उत्तर, रेंज १४ पूर्व, तिसरं मुख्य रेखावृत्त’. हे शेवटाकडून वाचायचं.

ओहायो नदी मिसिसिपीला मिळते तिथून थेट उत्तरेला आखलेली रेघ म्हणजे हे तिसरं रेखावृत्त. तिला छेदणारी आडवी आधाररेषा. या दोन्हींपासून सहा-सहा मैलांचे चौकोन मोजत जा, आधाररेषेच्या वर एकोणचाळिसावा (हा टाऊनशिपचा आकडा), रेखावृत्ताच्या उजवीकडे चौदावा (हा रेंजचा). ही पद्धत १७८५ च्या कायद्याची. टाऊनशिप म्हणजे वस्ती नव्हे, मोजणीचा चौकोन. गाव नंतर वसलं तर वसलं.

आता चौकोनाच्या आत या. एक-एक मैलाचे ३६ सेक्शन, प्रत्येकी ६४० एकर. क्रमांक ईशान्य कोपऱ्यातून सुरू होऊन पश्चिमेला ६ पर्यंत जातात. ७ हा ६ च्या खाली, आणि तिथून परत पूर्वेकडे, नांगराचे बैल वळतात तसे. त्यामुळे ९ च्या बरोबर खाली १६ येतो. शिकागोचा पहिला नकाशा १८३० मध्ये सेक्शन ९ वर आखला गेला. सोळावा सेक्शन शाळेसाठी राखीव; तो आजच्या मॅडिसन स्ट्रीट, स्टेट स्ट्रीट, रूझवेल्ट रोड आणि हॉलस्टेड स्ट्रीट यांच्या मधला. १८३३ मध्ये त्यातला बहुतेक भाग सुमारे ३८ हजार डॉलरला विकून टाकला. शाळेची जमीन अशी फुंकणारे पुढारी तिथेही होतेच!

त्याच वर्षी तिथल्या मूळच्या पोटावाटोमी लोकांकडून त्या भागातली उरलेली जमीन करार करून काढून घेतली. आपल्याकडच्या फेरफारात मागचा कब्जेदार सापडतो. इथे मालकीचा कागद सरकारपासूनच सुरू होतो.

‘वायव्य पाव’, म्हणजे सेक्शनचा तो चौथा हिस्सा, असं लिहिलं असेल तर १६० एकर; सरकारी जमीन वाटणाऱ्या १८६२ च्या होमस्टेड कायद्यात शेतकऱ्याला मिळणारी कमाल जमीन तेवढीच. पावाचा पाव असेल तर ४० एकर. त्यांची मोजणीची साखळी ६६ फुटांची, म्हणजे आपल्या ३३ फुटांच्या दुप्पट, त्यामुळे त्यांची एक चौरस साखळी बरोबर चार गुंठे भरते. उत्तर आणि पश्चिम कडेच्या सेक्शनांत मात्र एकर कमी-जास्त दिसले तर गोंधळू नका. पृथ्वीच्या गोलाईचा आणि मोजणीतल्या चुकांचा फरक तिकडे ढकलत.

बऱ्याच राज्यांचे मूळ नकाशे आणि मोजणीदारांच्या टिपणवह्या ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट या अमेरिकी सरकारच्या जमीन खात्याच्या संकेतस्थळावर फुकट बघता येतात. टेक्सास, केंटकी किंवा मूळच्या तेरा राज्यांपैकी एखाद्याचा कागद असेल तर ही रीत विसरा. तिथे झाडं, दगड, ओढे सांगत चतुःसीमा लिहिलेल्या असतात, आपल्या जुन्या खरेदीखतासारख्या.