मनासारखी अलॉय चाकं बनवून घेताना: ऑर्डर कशी द्यावी आणि बिनसलं तर पैसे कसे सोडवावेत

माझ्या स्विफ्टसाठी पहिल्यांदा चाकं बनवून घेतली तेव्हा सगळा व्यवहार व्हॉट्सॲपच्या व्हॉइस मेसेजवर झाला. मी म्हणालो, ‘फोटोत आहे तसंच, सेम टू सेम.’ पलीकडून उत्तर आलं, ‘टेन्शन घेऊ नका सर.’ दोन महिन्यांनी चाकं आली आणि दिसायला खरंच देखणी होती. एकटा फिरत होतो तोवर सगळं ठीक चाललं. मग चौघे बसून लोणावळ्याला निघालो आणि पहिल्याच स्पीडब्रेकरवर मागून खर्रकन आवाज आला. मागचा टायर फेंडरच्या, म्हणजे चाकावरच्या पत्र्याच्या, कडेला घासत होता. मोजलं तर ऑफसेट, म्हणजे चाक किती आत-बाहेर बसतं ते माप, ४५ मिलीमीटर हवा होता, तो ३५ निघाला. बनवणाऱ्याचं म्हणणं, ‘तुम्हीच म्हणालात ना, चाक जरा बाहेर दिसू दे.’ म्हणालो असेनही. लिहून कुठेच काही नव्हतं.

तयार अलॉय घेणं सोपं असतं. पुण्यात नाना पेठेत किंवा मुंबईत ऑपेरा हाऊसला जायचं, लावून बघायचं, नाही बसलं तर दुसरं मागायचं. बनवून घेतलेलं चाक मात्र तुमच्याच गाडीसाठी कापलेलं असतं. दुकानदाराला ते दुसऱ्या कुणाला खपवता येत नाही, म्हणून तो परत घ्यायला तयार नसतो. त्यामुळे जे काय भांडायचं ते ॲडव्हान्स देण्याआधी कागदावर भांडून घ्यावं.

पायरी १: माप स्वतः घ्या

‘कुठली गाडी? बस, कळलं’ म्हणणाऱ्याकडून सावध राहा. एकाच मॉडेलच्या वेगवेगळ्या वर्षांत मापं बदललेली असतात. पुढच्या गोष्टी स्वतःला माहीत असायलाच हव्यात.

पीसीडी, म्हणजे नटांची भोकं ज्या वर्तुळावर असतात त्याचा व्यास. स्विफ्टला ४ × १००, क्रेटाला ५ × ११४.३, जुन्या पोलोला ५ × १००. चार भोकं असतील तर समोरासमोरच्या दोन भोकांच्या मध्यबिंदूंमधलं अंतर मोजा. पाच असतील तर शेजारच्या दोन भोकांमधलं अंतर मोजून त्याला ०.५८८ ने भागा. ११२ आणि ११४.३ यांच्यात फरक जेमतेम सव्वादोन मिलीमीटरचा. ‘ठोकून बसतं हो’ म्हणणारे भेटतात. ते बसतंही, पण स्टडवर, म्हणजे नट ज्या आटेदार दांड्यावर बसतो त्यावर, तिरका ताण घेऊन.

हबचं भोक, म्हणजे गाडीच्या ज्या गोल भागावर (हब) चाक चढतं, त्यासाठी चाकाच्या मध्ये असलेलं भोक. स्विफ्टला ५४.१ मिलीमीटर, क्रेटाला ६७.१, पोलोला ५७.१. भोक लहान झालं तर चाक चढतच नाही. मोठं झालं तर चढतं, पण मध्ये नेमकं बसत नाही आणि नव्वदच्या वर स्टीअरिंग थरथरायला लागतं. मग माणूस महिनाभर बॅलन्सिंगवर पैसे घालत बसतो. खास बनवून घेताना हे भोक हबच्या मापाचंच कापून मागा. मोठं भोक आणि प्लास्टिकची रिंग ही तयार चाकांची तडजोड आहे, तुम्ही पैसे कशाचे देताय?

ऑफसेट, म्हणजे ईटी. सर्वांत जास्त घोळ इथेच होतात. चाकाच्या रुंदीच्या मध्यरेषेपासून हबला टेकणारा पृष्ठभाग किती बाहेर आहे, ते हे माप सांगतं. ईटी कमी झाला की चाक तेवढं बाहेर येतं. समजा जुनं चाक ६ जे (म्हणजे ६ इंच रुंद), ईटी ४५ आहे आणि नवं ७ जे, ईटी ३५ घेताय. एक इंच रुंदी वाढली, म्हणजे दोन्ही बाजूंना १२.७ मिलीमीटर. त्यात ऑफसेटचे १० मिळवा. बाहेरची कड २२.७ मिलीमीटर बाहेर आली, आतली फक्त २.७ ने आत गेली. ही बेरीज-वजाबाकी करून गाडीखाली वाका आणि फेंडरपाशी व आतल्या बाजूला स्ट्रटपाशी (सस्पेन्शनच्या दांड्यापाशी) तेवढी जागा आहे का ते बघा.

नट. मारुतीला एम १२ × १.२५ (१२ मिलीमीटर व्यास, आट्यांमधलं अंतर १.२५), ह्युंदाईला एम १२ × १.५, फोक्सवॅगनला नटांऐवजी एम १४ × १.५ चे बोल्ट. बूड शंकूसारखं आहे की गोलाकार, हेही बघा. होंडाचे मूळ नट गोलाकार बुडाचे, तर बाहेरची बहुतेक चाकं शंकूच्या नटांसाठी केलेली. जोडी चुकली तर नट नुसता कडेला टेकतो आणि हळूहळू सैल होतो.

टायरचा बाहेरचा व्यास शक्यतो तोच राहावा. टायरवरचे आकडे असे वाचा: रुंदी मिलीमीटरमध्ये, भिंतीची उंची रुंदीच्या टक्क्यांत, आणि आरनंतर चाकाचा व्यास इंचांत. १८५/६५ आर १५ चा व्यास ६२१.५ मिलीमीटर येतो आणि १९५/५५ आर १६ चा ६२०.९, म्हणजे स्पीडोमीटरला पत्ताही लागत नाही. १७ इंचावर २०५/४५ घेतला तर ६१६.३, आकडा चालतो, पण रबराची भिंत इतकी उतरते की पावसाळ्यातला एक खड्डा चाकाची कड वाकवायला पुरतो. आपल्याकडे एक इंच वाढवणं शहाणपणाचं, दोन इंच हौसेचं.

पायरी २: कशाचं आणि किती वजनाचं

ओतीव चाक स्वस्त. फ्लो-फॉर्म्ड चाकात रिमचा पट्टा गरम असताना दाबून ताणलेला असतो, त्यामुळे ते हलकं आणि चिवट होतं. फोर्ज्ड चाक बहुधा ६०६१-टी६ ॲल्युमिनियमच्या दाबलेल्या ठोकळ्यातून सीएनसीवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्रावर, कापतात. एकेका गाडीसाठी वेगळं माप हवं तर बहुतेक हेच करावं लागतं, कारण ओतीवसाठी साचा लागतो आणि एका गिऱ्हाइकासाठी साचा कोण करणार?

प्रत्येक चाक किती किलो भार पेलेल ते लेखी मागा. मागच्या ॲक्सलवर पूर्ण भरलेल्या गाडीचं वजन ८५० किलो येत असेल तर प्रत्येक चाकाला किमान ४२५ हवंच, आणि मी त्याच्या बरंच वर जाईन. सीएनजीची टाकी मागे असते, हे विसरू नका. चाचणी कोणत्या मानकाने केली तेही विचारा. आपल्याकडे मोटारींच्या चाकांसाठी आयएस ९४३६ आहे. जपानी चाकांवर जेडब्ल्यूएल आणि व्हीआयए हे तिथल्या चाचणीचे शिक्के असतात. ‘आमच्याकडे आजवर तुटलं नाही’ हे मानक नव्हे.

रंगाचं थोडक्यात सांगतो. डायमंड-कटची, म्हणजे यंत्राने कापून चकचकीत केलेल्या धातूची, चमक पातळ लॅकरवर (पारदर्शक थरावर) टिकून असते. कोकणात किंवा गोव्यात राहत असाल तर खारी हवा त्या लॅकरखाली शिरते आणि दोन-तीन पावसाळ्यांत पांढरे किडे चालल्यासारख्या रेषा उमटतात. तिथे सरळ पावडर कोटिंग घ्या.

पायरी ३: कायदा आणि विमा

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलात बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेच ठणकावून सांगितलं. म्हणून तुमच्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरियंटला कंपनी जे माप देते, त्याच्या आसपास राहा. टायर फेंडरच्या बाहेर डोकावू देऊ नका. विमा कंपनीला बिलासह लेखी कळवा आणि चाकांची किंमत पॉलिसीत अ‍ॅक्सेसरीज म्हणून चढवून घ्या. पन्नास हजारांची चाकं चोरीला गेल्यावर हे सुचून उपयोग नाही.

पायरी ४: ड्रॉइंगवर सही, मगच पैसे

फोर्ज्ड चाक करणाऱ्याकडे सीएनसीसाठी ड्रॉइंग असतंच. ते पीडीएफमध्ये मागा. त्यावर व्यास, रुंदी, पीसीडी, ईटी, हबचं भोक, नटाचं बूड, भारक्षमता आणि रंगाचा कोड हे सगळं हवं. तुमच्या गाडीचं मॉडेल आणि वर्षही लिहायला सांगा. वस्तू-विक्री कायदा १९३० च्या कलम १६ नुसार, माल कशासाठी हवा हे तुम्ही विक्रेत्याला सांगितलं आणि त्याच्या जाणकारीवर विसंबलात, तर तो त्या कामाला योग्य असण्याची जबाबदारी त्याच्यावर येते. ‘२०२१ ची स्विफ्ट’ हे दोन शब्द ड्रॉइंगवर असले की ही जबाबदारी झटकणं अवघड जातं.

ड्रॉइंग तपासून ‘मंजूर’ असं ईमेलने कळवा. त्याच ईमेलमध्ये तारीख घाला: ‘अमुक तारखेपर्यंत माल न मिळाल्यास ऑर्डर रद्द करून ॲडव्हान्स परत.’ ‘सहा ते आठ आठवडे’ ही तारीख नव्हे. ॲडव्हान्स अर्ध्याच्या वर देऊ नका, आणि शक्य असेल तर कार्डाने द्या, कारण माल आलाच नाही किंवा वेगळाच आला तर बँकेमार्फत चार्जबॅक, म्हणजे कार्डाने दिलेले पैसे परत, मागता येतो. त्याची मुदत मर्यादित असते, म्हणून बँकेला लवकर कळवा. कुणाच्या तरी खासगी यूपीआय नंबरवर ‘जीएसटी वाचतो’ म्हणून पैसे पाठवलेत तर बिल नाही, आणि बिल नाही तर पुढचा सगळा रस्ता चिखलाचा.

बिल स्वतःच्या नावावर घ्या. फर्मच्या नावावर घेतलंत तर समोरचा वकील पहिल्याच तारखेला म्हणेल, ही खरेदी व्यापारी कामासाठी आहे, हे ग्राहकच नाहीत.

पायरी ५: टायर चढवण्याआधी

ही पायरी वगळली तर वरचं सगळं वाया. खोका उघडताना सलग व्हिडिओ करा. मग नुसतं चाक, टायर न चढवता, गाडीला लावून बघा. हबवर हाताने सरकतं का, ब्रेकच्या कॅलिपरला लागतं का, सगळे नट हाताने पूर्ण फिरतात का?

ऑफसेट मोजायला वर्कशॉप लागत नाही. चाक पालथं घाला, आतल्या कडेवर सरळ पट्टी ठेवा आणि पट्टीपासून हबला टेकणाऱ्या पृष्ठभागापर्यंत मोजा. त्यातून चाकाच्या कडेपासून कडेपर्यंतच्या एकूण रुंदीचा निम्मा भाग वजा करा. रुंदी २०३ मिलीमीटर आणि आतलं माप १४६.५ असेल तर ईटी ४५. मी हे पाच मिनिटांचं काम केलं असतं तर हा लेख लिहायची वेळ आली नसती. टायर चढला, बॅलन्सिंगची वजनं चिकटली, की चाक ‘वापरलेलं’ झालं.

सगळं जुळलं तर मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कने (आवळण्याच्या जोराने) नट आवळा आणि शंभरेक किलोमीटरनंतर पुन्हा तपासा.

पायरी ६: चूक निघाली तर

त्याच दिवशी लिहा. फोनवर तावातावाने बोलून काही उरत नाही. मजकूर साधा ठेवा:

‘अमुक तारखेच्या मंजूर ड्रॉइंगनुसार ईटी ४५ ठरला होता. आज मिळालेल्या चारही चाकांचा ईटी ३५ आहे. मोजणीचे फोटो व व्हिडिओ जोडले आहेत. चाकं वापरलेली नाहीत. १५ दिवसांत बदलून द्यावीत किंवा पूर्ण रक्कम परत करावी. परत नेण्याचा खर्च आपला राहील.’

एवढंच. ‘तुमची इज्जत काढेन’ वगैरे लिहू नका, ते नंतर तुमच्याच विरुद्ध वाचून दाखवलं जातं.

यावर हमखास येणारं उत्तर म्हणजे ‘मशीन मारून देतो’. ईटी ३५ चा ४५ करायचा तर टेकणाऱ्या भागातलं १० मिलीमीटर धातू खरवडावं लागतं, आणि तो भाग चाकातला सर्वांत जास्त ताण घेणारा. नव्याने ताकदीचा हिशेब आणि लेखी हमी दिल्याशिवाय हे मान्य करू नका. उलट बाजूची चूक, म्हणजे चाक जास्त आत गेलेलं असेल, तर ते स्पेसर, म्हणजे हब आणि चाकामध्ये घालायची चकती, सुचवतील. तो मूळ व्यवहारात ठरलेला नव्हता, एवढं उत्तर पुरे.

दुसरं उत्तर, ‘कस्टम माल परत घेत नाही, बिलावर छापलंय.’ तुमचं मन बदललं असेल तर ते बरोबर आहे. रंग आता आवडत नाही म्हणून कुणी पैसे परत देणार नाही. पण सदोष माल परत न घेणं ही ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम २(४७) नुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलावर मुदत नसेल तर ३० दिवस धरले आहेत.

पायरी ७: मंच

आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५. इथे निकाल लागत नाही, पण तक्रार कंपनीकडे पोचवली जाते आणि बरेच जण तेवढ्यावर नरमतात. मुंबईत असाल तर १९७५ पासून काम करणारी मुंबई ग्राहक पंचायत मार्गदर्शन करते.

मग नोटीस, आणि मग जिल्हा ग्राहक आयोग. लोक अजून मंचच म्हणतात. ५० लाखांपर्यंतच्या खरेदीची तक्रार इथे चालते, ५ लाखांपर्यंत फी नाही, वकील सक्तीचा नाही, आणि चूक घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जायला हवं. सर्वांत सोयीचं म्हणजे चाकं कोइंबतूरला बनलेली असोत की लुधियानात, तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते. ऑनलाइन दाखल करायला ई-जागृती पोर्टल आहे. समोरच्याला उत्तरासाठी ३० दिवस आणि फार तर आणखी १५ मिळतात. दोष नुसत्या डोळ्यांना दिसत नसेल, समजा तडा गेला आणि तो म्हणाला खड्ड्यात आपटलं, तर आयोग चाक प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. म्हणून तुटलेलं चाक भंगारात देऊ नका आणि वेल्डही करू नका. परदेशातून मागवलेल्या चाकांसाठी मात्र हा रस्ता कागदावरच राहतो. निकाल लागला तरी वसुली कोणाकडून?

आयोग दोघांच्या संमतीने मध्यस्थीलाही पाठवतो. त्याला कमी लेखू नका. माझं प्रकरण तर नोटिशीनंतर तिथवरही गेलं नाही. टायरवाल्याच्या दुकानात दोघांनी मिळून पट्टी लावून मोजलं, त्याने जुना सेट परत घेतला आणि निम्म्या किमतीत नवा करून दिला. ड्रॉइंग असतं तर निम्मेही दिले नसते.

तडजोड झाली तर ती स्टॅम्प पेपरवर, तारखेसह, आणि जुना माल पैसे किंवा नवा माल हाती आल्यावरच सोडा. आयोगाचा आदेश होऊनही समोरचा गप्प बसला तर कलम ७१ खाली वसुलीचा आणि कलम ७२ खाली शिक्षेचा अर्ज करता येतो. त्यात एक महिना ते तीन वर्षं कैद किंवा किमान २५ हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.