क्रिप्टोच्या केवायसीसाठी आधार-पॅन देताय? मग या चुका टाळा

बाजार वर पळतोय, पैसे ॲपमध्ये टाकून झालेत आणि व्हेरिफिकेशन मात्र दोन दिवस झाले तरी 'पेंडिंग'वरच लटकलंय किंवा सरळ 'रिजेक्टेड' आलंय, अशा वेळी माणूस आपलं आधार कार्ड कोणालाही पाठवायला तयार होतो. खरा घोटाळा इथेच होतो.

क्रिप्टोसाठी कागदपत्रं देऊच नका असं मी म्हणत नाहीये. ७ मार्च २०२३ ला अर्थ मंत्रालयाने नोटिफिकेशन काढून एक्स्चेंजना, म्हणजे क्रिप्टो खरेदी-विक्रीच्या ॲपना, मनी लाँडरिंगविरोधी कायद्याखाली आणलं, तेव्हापासून त्यांना ग्राहकाची ओळख तपासावीच लागते (हीच केवायसी) आणि एफआययूकडे, म्हणजे फायनान्शियल इंटेलिजन्स युनिटकडे नोंदणी करावी लागते, त्यामुळे पॅन-आधार मागितलं म्हणजे फ्रॉडच असं काही नाही. पण मला जे प्रकार दिसतात त्यात कागदपत्रं पुढच्या दारातून कमी आणि बाजूच्या बोळातून जास्त जातात.

केवायसी अडकली म्हणून टेलिग्रामवर विचारणं

एक्स्चेंजच्या ग्रुपवर "माझी केवायसी होत नाहीये, हेल्प करा" एवढं टाकून बघा, पाच मिनिटांत एक्स्चेंजचाच लोगो लावलेला कोणीतरी पर्सनल मेसेज करतो, मी सपोर्टमधून बोलतोय म्हणतो, एकदम अदबीने. मग आधार दोन्ही बाजूंनी, पॅन, हातात कार्ड धरलेला सेल्फी, शेवटी एक ओटीपी. झालं, पूर्ण सेट गेला. खरा सपोर्ट स्वतःहून मेसेज करत नाही, तो ॲपमधल्या तिकिटावर उत्तर देतो, उशिरा का होईना. उशीर लागतो म्हणून लोक वैतागतात हे मान्य, पण ज्याला तुमची एवढी घाई आहे त्याचं काहीतरी काम अडलंय हे समजून घ्या. सेल्फीचं तर जास्तच जपा, कारण पासवर्ड बदलता येतो, आधार नंबर आणि चेहरा बदलता येत नाही.

नाव जुळत नाही म्हणून फोटोतच 'करेक्शन' करणं

आपल्याकडे हा प्रॉब्लेम भरपूर. आधारवर आडनाव आधी, पॅनवर शेवटी, वडिलांचं नाव एकीकडे पूर्ण आणि दुसरीकडे नुसतं एक अक्षर, लग्नानंतर एक कार्ड बदललं आणि दुसरं राहिलं, वर बँकेत तिसरंच स्पेलिंग. सिस्टीम रिजेक्ट करते आणि मग कोणीतरी सांगतं की शंभर-दोनशे रुपये दे, मोबाईलवर एडिट करून देतो. अहो, ती कागदपत्रात फेरफार झाली, अकाउंट ब्लॉक होणं ही त्यातली सगळ्यात छोटी शिक्षा! शिवाय एडिट करणाऱ्याकडे तुमची ओरिजनल कॉपी राहिली ती वेगळीच. सरळ मार्ग कंटाळवाणा आहे, पण तोच एक आहे: आधी पॅन किंवा आधार दुरुस्त करून घ्या आणि मग अर्ज करा. आधारवर नाव बदलायला मर्यादित संधी मिळतात, म्हणून दुरुस्ती कुठल्या कार्डात करायची ते आधी ठरवा, जिथे चूक कमी वेळात आणि कमी कटकटीत सुटेल तिथे. आणि नुसता फोटो नीट न आल्यामुळे रिजेक्ट होत असेल, तर लॅमिनेशनवर फ्लॅश चमकतोय का तेवढं बघा, फ्लॅश बंद करून खिडकीपाशी फोटो काढला तर बऱ्याचदा काम होऊन जातं.

पी टू पीमध्ये समोरच्याला आधारचा फोटो देणं

पी टू पी म्हणजे ॲपवरच्या दुसऱ्या माणसाशी थेट व्यवहार. त्यात यूएसडीटी, म्हणजे डॉलरच्या भावाला बांधलेलं कॉइन, घेताना-विकताना समोरचा म्हणतो, "भाऊ, सेफ्टीसाठी आधार पाठव ना, मी पण माझं पाठवतो." त्याने पाठवलेलं आधार त्याचं असतं याला पुरावा काय? आदल्या गिऱ्हाईकाकडून घेतलेलं असू शकतं, आणि आता तुमचं आधार तो पुढच्या गिऱ्हाईकाला 'हे बघ माझं' म्हणून दाखवणार. उद्या त्या माणसाचे पैसे गेले की तक्रारीत नाव कोणाचं? तुमचं. प्लॅटफॉर्मने दोघांची केवायसी केलेली असते, नाव तिथे दिसतं, त्या नावाच्याच बँक खात्यातून पैसे आले का एवढं तपासायचं, त्यापलीकडे एकमेकांची कार्डं मागायची गरजच नसते.

याचाच मोठा भाऊ म्हणजे स्वतःच्या केवायसीवर अकाउंट उघडून दुसऱ्याला वापरायला देणं. कॉलेजच्या पोरांना महिना काही हजार मिळतात असं सांगून गळ टाकला जातो. नंतर फसवणुकीचा पैसा त्याच खात्यातून फिरतो, सायबर पोलिसांच्या पत्रावर बँक खातं फ्रीझ करते आणि पोलीस स्टेशन कुठल्या तरी लांबच्या राज्यातलं निघतं, तिथे जाऊन खुलासा करत बसायचं. "अकाउंट माझं पण वापरत दुसरा होता" हे सांगून कोणी सुटत नाही, सगळीकडे चेहरा तुमचा असतो.

नोंदणी न बघता कुठल्याही ॲपवर अपलोड करणं

डिसेंबर २०२३ मध्ये एफआययूने बायनान्स, कूकॉइन, क्रॅकन धरून ९ परदेशी एक्स्चेंजना नोटिसा दिल्या, त्यांच्या वेबसाइट भारतात ब्लॉक करायलाही सांगितलं. बायनान्सने नंतर नोंदणी केली, जून २०२४ मध्ये १८.८२ कोटींचा दंडही लागला. म्हणजे एवढ्या मोठ्या नावांनीसुद्धा आपल्याकडच्या लोकांची कागदपत्रं नोंदणीशिवाय घेतली होती, मग 'फ्री कॉइन मिळतील, फक्त केवायसी करा' म्हणणाऱ्या कालच्या ॲपचं काय बोलायचं. फुकटच्या कॉइनसाठी पासपोर्टचा फोटो देणारे लोक बघितले की मला खरंच कळत नाही की हिशोब कसा करतात.

पण नोंदणी म्हणजे तिजोरी नाही हेही लक्षात ठेवा. अमेरिकेतल्या कॉइनबेस या एक्स्चेंजचं उदाहरण घ्या, शेअर बाजारात लिस्टेड, नियम पाळणारी कंपनी. मे २०२५ मध्ये त्यांनीच जाहीर केलं की परदेशातल्या सपोर्ट एजंटना लाच देऊन ग्राहकांचा डेटा काढला गेला, ६९ हजारांहून जास्त लोकांचा, नाव, पत्ता, फोन, सरकारी ओळखपत्रांचे फोटो, खात्यात किती आहे ते सुद्धा. चोरांनी २ कोटी डॉलर मागितले, कंपनीने द्यायला नकार दिला आणि तेवढंच बक्षीस त्यांना पकडून देणाऱ्याला लावलं. यातला एक धागा आपल्या इंदूरपर्यंत आला, तिथल्या आउटसोर्सिंग सेंटरमधली कर्मचारी ऑफिसच्या स्क्रीनचे फोटो स्वतःच्या मोबाईलवर काढताना पकडली गेल्याची बातमी रॉयटर्सने दिली होती. बघा, हॅकिंग वगैरे काही नाही, लाच आणि मोबाईलचा कॅमेरा. पासवर्ड गेले नव्हते, तरी नुकसान झालं कारण चोर फोन करून सगळी खरी माहिती सांगायचे, आणि समोरच्याला वाटायचं कंपनीचाच माणूस आहे. म्हणून तुमच्या आधारचे शेवटचे चार आकडे किंवा जन्मतारीख कोणी फोनवर बरोबर सांगितली, तर त्याने काहीच सिद्ध होत नाही. फोन ठेवा, ॲपमधून स्वतः चौकशी करा.

गरजेपेक्षा जास्त देणं

जिथे चालतं तिथे मास्क्ड आधार द्या, त्यात फक्त शेवटचे ४ आकडे दिसतात, यूआयडीएआय, म्हणजे आधार देणाऱ्या सरकारी संस्थेच्या साइटवरून फुकट डाउनलोड होतं. डिजिलॉकरचा पर्याय असेल तर तो बरा, फक्त परवानगीच्या स्क्रीनवर डोळे मिटून 'अलाऊ' दाबू नका, कोणती कागदपत्रं मागतायत ते वाचा, मार्कशीट आणि लायसन्सची टिक असेल तर काढा, आणि वर पत्ता खरंच डिजिलॉकरचा आहे का तेही बघा. ई-आधारच्या पीडीएफला पासवर्ड आहे म्हणून बिनधास्त व्हॉट्सॲपवर पाठवणारे खूप जण आहेत, पण तो पासवर्ड म्हणजे नावाची पहिली ४ अक्षरं आणि जन्माचं साल, तुम्हाला ओळखणारा कोणीही उघडेल. कॉपीवर 'फक्त अमुक केवायसीसाठी' आणि तारीख लिहायची सवय चांगली, पण ती माणूस बघणार असेल तिथे, ॲपमध्ये अपलोड करताना लिहिलेली कॉपी सॉफ्टवेअर बहुतेक नाकारतं. आणि झेरॉक्सवाल्याच्या कॉम्प्युटरवर मेल उघडलात तर डाउनलोड फोल्डर आणि रिसायकल बिन दोन्ही रिकामं करून उठा.

आता देऊन बसलात तर

यूआयडीएआयच्या माय आधार पोर्टलवर जाऊन बायोमेट्रिक (बोटांचे ठसे, डोळे, चेहरा) लॉक करा, तिथेच ऑथेंटिकेशन हिस्टरी बघा, गेल्या ६ महिन्यांत तुमचं आधार कुठे वापरलं गेलं ते कळतं. संचार साथी या सरकारी पोर्टलवर तुमच्या नावावर किती सिम आहेत ते दिसतं, अनोळखी नंबर असेल तर तिथूनच कळवा. क्रेडिट रिपोर्ट काढा, वर्षातून एकदा फुकट मिळतो, न घेतलेलं कर्ज दिसलं तर रिपोर्ट देणारी ब्युरो आणि कर्ज देणारी कंपनी दोघांनाही लेखी कळवा. आणि एक गोष्ट जी फार कोणी बघत नाही, इन्कम टॅक्सच्या पोर्टलवरचं २६एएस आणि एआयएस, म्हणजे तुमच्या पॅनवर कापलेला टॅक्स आणि झालेले व्यवहार दाखवणारी पत्रकं. जुलै २०२२ पासून क्रिप्टो विकल्यावर १ टक्का टीडीएस, म्हणजे रकमेतून आधीच घेतला जाणारा टॅक्स, कापतात, त्यामुळे तुमच्या पॅनवर भारतातल्या एक्स्चेंजवर कोणी खातं चालवत असेल तर ती एंट्री तिथे दिसू शकते. परदेशी ॲपवरचं मात्र बहुतेक दिसणार नाही.

पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला लगेच फोन, नुसती कागदपत्रं गेली असतील तरी सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार टाकून नंबर जपून ठेवा, उद्या तुमच्या नावावर काही झालं तर तारखेसकट कागद हातात असतो. एक्स्चेंजचं खातं बंद केलं की डेटा पुसला जातो असं समजू नका, कायद्यानेच त्यांना खातं बंद झाल्यावर ५ वर्षं रेकॉर्ड ठेवावं लागतं. म्हणून न वापरातली खाती बंद करा, पण त्या मेल आयडीवर नि नंबरवर येणाऱ्या 'केवायसी अपडेट करा'च्या मेसेजकडे पुढची काही वर्षं तरी संशयानेच बघा.