पाय प्लास्टरमध्ये आणि घर सोडायची तारीख जवळ

हाड मोडलं आणि त्याच आठवड्यात घर रिकामं करायची वेळ आली, तर आधी दुखण्याकडे बघा. मोडलेलं हाड जुळायला साधारण 6 ते 8 आठवडे लागतात. मांडीचं किंवा नडगीचं असेल तर त्याहून बरेच जास्त. तुमच्या बाबतीत किती, हे डॉक्टरांकडून लेखी घ्या. पुढची सगळी बोलणी त्या कागदावर उभी राहतात.

घरमालकाला त्याच दिवशी कळवा. फोनवर बोललात तरी मागोमाग मेसेज पाठवाच, सोबत दाखल्याचा फोटो. "थोडा वेळ द्या" असं मोघम मागू नका. नेमकी तारीख सांगा, आणि भाडं पूर्ण जमत नसेल तर आत्ता किती देता येईल तेही. समोरचा हो म्हणाला, तरी लेखी उत्तर येईपर्यंत ते ठरलं असं धरू नका. तीव्र वेदनाशामक गोळ्यांनी गुंगी येते. त्या भरात कशावरही सही नको. कागद विश्वासातल्या माणसाला वाचायला द्या.

सामान स्वतः उचलायचं नाही म्हणजे नाही. मदतीला आलेल्याला "लागलं तर सांगेन" म्हणून परत पाठवू नका, काम सांगा: शनिवारी स्वयंपाकघर बांधून दे. औषधं, एक्स-रे, करारपत्र आणि चार्जर एका पिशवीत, कायम हाताशी.

प्लास्टरखालची बोटं निळी पडली, बधिर झाली किंवा पोटरी अचानक सुजून दुखू लागली, तर घराचं सगळं तिथेच टाकून लगेच दवाखाना गाठा.