अन्नपूर्णा बेस कॅम्प, तेही स्टुडंट बजेटमध्ये: या चुका टाळा

कॉलेजच्या पोरांना परवडेल असा परदेशातला ट्रेक कुठला असं कोणी विचारलं तर माझं उत्तर ठरलेलं आहे, नेपाळ, आणि त्यातही अन्नपूर्णा बेस कॅम्प म्हणजे एबीसी. आपल्याला व्हिसा लागत नाही, बॉर्डरच्या जवळपर्यंत ट्रेन जाते, टेंट वाहायचा नाही, रोज संध्याकाळी गरम जेवण मिळतं आणि 4130 मीटरवर पोचलात की अन्नपूर्णा साऊथ, हिउंचुली, माछापुच्छ्रे सगळे चारही बाजूंनी उभे. तरीपण बरेच ग्रुप बजेटचे बारा वाजवून परत येतात, आणि ते महागाईमुळे नाही, तर दिवस वाचवायला जातात म्हणून. सुट्टी मोजकी, त्यात सगळं कोंबायचं, मग एक बस चुकली की पुढचं सगळं पैसे टाकून सोडवावं लागतं.

"तिकीट काय, काढू नंतर"

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. सीझन ऑक्टोबर-नोव्हेंबर, आपली सुट्टी दिवाळीची, म्हणजे सगळं जुळतंय असं वाटतं. पण त्याच दिवसांत मुंबई-पुण्याहून गोरखपूरला जाणाऱ्या गाड्यांना दिवाळी आणि छठची अख्खी गर्दी असते. रिझर्व्हेशन आता 120 नाही तर 60 दिवस आधी उघडतं, त्या सकाळी बसला नाहीत तर वेटिंग, मग तत्काळ, मग शेवटी विमान, आणि विमानाच्या त्या एका तिकिटात तुमचा डोंगरातला सगळा खर्च निघाला असता. जायचं तिकीट काढताना परतीचंही डोक्यात ठेवा, छठ संपली की तिकडून मुंबईकडे परतणारी गर्दी सुरू होते.

त्यात नेपाळचे सण. तिथला दशैं म्हणजे आपल्या नवरात्र-दसऱ्याचे दिवस, तेव्हा निम्मा देश गावी निघालेला असतो, बस फुल्ल आणि जीपवाले मनाला येईल तो भाव सांगतात. तिहार आपल्या दिवाळीलाच येतो. कॉलेजने ऐकलं तर मार्च-एप्रिल बघा, बुरांशाची (म्हणजे ऱ्होडोडेंड्रॉनची) लाल फुलं असतात, फक्त दुपारी ढग भरून येतात. जून ते सप्टेंबर स्वस्त असतं म्हणून जाऊ नका, जळवा आणि दरडी. 2024 च्या सप्टेंबर अखेरीला पाऊस असा झाला की काठमांडूला जाणारे हायवे बंद पडले होते, त्यामुळे प्लॅनमध्ये एक दिवस रिकामा हवाच. तो उरला तर पोखऱ्यात (ट्रेकच्या आधीचं शेवटचं मोठं शहर) फेवा तलावाच्या काठावर बसा, वाया जात नाही.

"आधार आहे ना, बास झालं"

नाही झालं. भारतीयांना नेपाळला जायला पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचं व्होटर कार्ड लागतं. आधार चालतं ते 15 च्या खालच्यांना आणि 65 च्या वरच्यांना. गोरखपूरच्या पुढे सुनौलीला चालत बॉर्डर ओलांडताना बऱ्याचदा कोणी विचारत नाही, म्हणून लोकांना वाटतं झालं काम, पण विमानतळावर किंवा परमिटच्या काउंटरवर अडकायला होतं. कॉलेजच्या वयात व्होटर कार्ड काढायचं राहिलेलंच असतं, तर निदान या निमित्ताने अर्ज करा, आणि तो दोन-तीन महिने आधी.

पैशाचा हिशोब

रेट फिक्स आहे, आपला 1 रुपया म्हणजे नेपाळी 1.60. तिथे आपल्या पैशाला आयसी म्हणतात आणि त्यांच्या पैशाला एनसी, आणि बॉर्डरवर रिक्षा असो की हॉटेल, भाव ऐकला की पहिला प्रश्न हाच विचारायचा, आयसी की एनसी? हजार एनसी म्हणजे आपले 625, आणि जो हे विचारत नाही तो सरळ हजार काढून देतो. नोटा 100 च्याच न्या, मोठ्या भारतीय नोटांचे नियम बदलत आलेत, कशाला डोक्याला ताप. 2024 पासून फोनपेच्या क्यूआरवर आपलं यूपीआय चालायला लागलंय (हे फोनपे नेपाळचं, आपलं वेगळं), पण ते शहरातलं झालं. डोंगरात कॅश. शेवटचं भरवशाचं एटीएम पोखऱ्याला समजा आणि कार्डवर इंटरनॅशनल वापर घरूनच चालू करून घ्या, तिकडे गेल्यावर ओटीपी येत नाही आणि मग आख्खा ग्रुप एकाच्या पाकिटावर जगतो.

परमिट मात्र आपल्याला स्वस्त. अन्नपूर्णा कन्झर्व्हेशन एरियाची फी सार्कवाल्यांना 1000 एनसी, बाकी परदेशी लोकांना 3000. 2023 च्या एप्रिलपासून परदेशी ट्रेकर्सना लायसन्सवाला गाईड घेणं सक्तीचं केलंय, प्रत्यक्षात कुठे किती कडक हे बदलत राहतं, म्हणून निघायच्या आधी ताजा नियम विचारून घ्या. चार-पाच जणांत गाईड वाटून घेतला तर फार पडत नाही, आणि त्याचा खरा उपयोग वेगळाच आहे, तो पुढच्या लॉजला फोन करून खोली धरून ठेवतो. देउराली या बेस कॅम्पच्या वाटेवरच्या मुक्कामाच्या वर लॉज मोजके आहेत, सीझनमध्ये उशिरा पोचलात तर डायनिंग हॉलच्या बाकावर झोपायचं.

मॅगीची पाकिटं

प्रत्येक ग्रुपमध्ये एक हुशार असतो जो म्हणतो आपण मॅगी, रेडी टू इट नेऊ, जेवणाचे पैसे वाचतील. अरे, तिथल्या टीहाऊसचा, म्हणजे वाटेवरच्या लॉजचा, धंदाच जेवणावर चालतो! खोली स्वस्त देतात ती तुम्ही रात्रीचं जेवण आणि सकाळचा नाश्ता तिथेच कराल या हिशोबाने. बाहेर खाल्लंत तर खोलीचा भाव वाढतो आणि मालकाचं तोंडही. त्यापेक्षा दालभात मागवा, भात-डाळ-भाजी पोटभर परत परत वाढतात, पिझ्झा-पास्ता मागवणाऱ्याचं बिल जास्त आणि पोट अर्धं. वर जाल तसा भाव चढतो कारण सगळं माणसाच्या नाहीतर खेचराच्या पाठीवरून येतं.

घरून न्यायचं ते चिक्की, खजूर, शेंगदाण्याचे लाडू, कारण खरी गळती चॉकलेट, चहा, गरम पाणी, चार्जिंग, वायफाय, शॉवर यात होते. पाण्यासाठी क्लोरीनच्या गोळ्या न्या. पॉवरबँक मोठी घ्या आणि रात्री स्लीपिंग बॅगेत घेऊन झोपा, थंडीत बॅटरी भराभर उतरते. जॅकेट आणि स्लीपिंग बॅग विकत घेऊ नका, पोखऱ्याच्या लेकसाइडला भाड्याने मिळतात, फक्त चेन चालते का ते दुकानातच बघा. बूट मात्र स्वतःचे, आणि आधी सह्याद्रीत घासलेले.

"कळसूबाई तर मी पळत चढतो"

चढत असशील बाबा, पण कळसूबाई 1646 मीटर, आणि घांद्रुक गावच 2000 च्या आसपास, म्हणजे आपलं सगळ्यात उंच टोक जिथे संपतं त्याच्या वर यांचा ट्रेक सुरू होतो. उंचीला फिटनेस कळत नाही, उलट फिट पोरंच जास्त अडकतात कारण ती जोरात जातात. 3000 च्या वर रोज झोपायची जागा 500 मीटरपेक्षा जास्त वाढवू नये असं सांगतात. बजेटवाले ग्रुप काय करतात, एक रात्र वाचवायला बांबू नावाच्या मुक्कामाहून (साधारण 2300) थेट माछापुच्छ्रे बेस कॅम्प, 3700. एका दिवसात 1400 मीटर! मग रात्रभर डोकं फुटतं, उलट्या होतात आणि सकाळचा सूर्योदय दुसऱ्यांच्या फोटोत बघायचा. देउरालीला एक रात्र, माछापुच्छ्रे बेस कॅम्पला एक, आणि पहाटे तिथून वर, असं करा. एक रात्र वाढली तर वाढू दे, दोन वेळच्या दालभाताचा खर्च तो. दुसऱ्या बाजूला हेलिकॉप्टरचं बिल लाखाच्या घरात जातं. इन्शुरन्स घेताना पॉलिसी किती मीटरपर्यंत चालते ते वाचा, स्वस्तातल्या पॉलिसीत ट्रेकिंग किंवा उंची वगळलेली असते.

आणि देउरालीच्या पुढे हिमकडे कोसळणारा पट्टा आहे, जानेवारी 2020 मध्ये तिथे चार कोरियन आणि तीन नेपाळी लोक गेले. ताजा बर्फ पडला असेल तर लॉजवाला थांब म्हणेल, थांबायचं. तो पट्टा सकाळी लवकर पार करायचा.

आणि तरीही अडकलात तर

डोकं दुखतंय आणि मळमळतंय: वर जायचं नाही, तिथेच थांबा. आराम करूनही वाढतंय, चालताना तोल जातोय किंवा बसल्या बसल्या धाप लागतेय तर लगेच खाली उतरा, रात्र असली तरी, एकट्याला कधीच पाठवू नका. डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरची गोळी) डॉक्टरला विचारून आधीच आणा.

कॅश संपली: गाईडला स्पष्ट सांगा, लॉजमध्ये ओळखीवर भागतं, पोखऱ्याला उतरून द्यायचे. लाजून जेवण टाळू नका.

गुडघे गेले: वाटेतल्या छोमरोंग गावच्या पायऱ्या येताना परत चढायच्यात हे सगळे विसरतात. काठ्या भाड्याने घ्या, बॅगेतलं वजन पोर्टरला एका दिवसापुरतं द्या, मग खाली झिनू गावाला उतरा, तिथल्या गरम पाण्याच्या कुंडात पाय सोडून बसा आणि दुसऱ्या दिवशी जीप शेअर करायला कोणी मिळतं का ते संध्याकाळच्या जेवणाच्या टेबलावरच विचारून ठेवा.