जुन्या टीव्ही गेमचा रिमोट शोधताय? या चुका टाळा

पाच-सहा वर्षांपूर्वी जालन्यातल्या एका भंगारवाल्याच्या पोत्यातून मी एक मरून रंगाचा, वर सोनेरी पट्टी असलेला रिमोट बाहेर काढला होता. स्टार्ट नाही, सिलेक्ट नाही. एका कोपऱ्यात बारीक भोकं आणि बाजूला सरकणारं एक बटण. कुणीतरी मोडून-जोडून ठेवलंय म्हणत मी तो परत पोत्यात टाकला. रात्री घरी जुने फोटो चाळताना लक्षात आलं की तो निन्टेन्डोच्या जपानी फॅमिकॉमचा, म्हणजे १९८३ साली निघालेल्या टीव्ही गेम मशीनचा दुसऱ्या खेळाडूचा कंट्रोलर होता. त्याला मुळातच स्टार्ट-सिलेक्ट नसतात. त्याऐवजी माइक असतो, आणि ते सरकणारं बटण आवाज कमी-जास्त करायचं. सकाळी पहिल्या एसटीने जालना गाठलं. पोतं गेलेलं होतं.

तेव्हापासून मी हे रिमोट शोधतोय. शोधताना केलेल्या बहुतेक चुका माझ्याच आहेत.

‘कंट्रोलर’ मागू नका

आपल्याकडे या वस्तूला कंट्रोलर कुणी म्हणतच नाही. नव्वदच्या दशकात परभणी असो की लातूर, शब्द ठरलेले होते. मशीन म्हणजे ‘टीव्ही गेम’, कार्ट्रिज म्हणजे ‘कॅसेट’ आणि हातात धरायचा तो ‘रिमोट’. आज भंगारवाल्याला कंट्रोलर मागितला तर तो सोलर पंपाचा कंट्रोलर आणून पुढ्यात ठेवतो. नुसतं रिमोट म्हणालात तर विचारतो, “डिशचा का केबलचा?” ‘टीव्ही गेमचा, वायरवाला रिमोट’ असं पूर्ण म्हणा. मोबाइलमध्ये फोटो असला तर उत्तमच.

ऑनलाइन शोधतानाही हेच. विकणाऱ्याला मॉडेलचं नाव माहीत असतं तर त्याने भाव चौपट लावला असता. म्हणून ‘जुना गेम’, ‘टीव्ही गेम’ असं टाकून बघा, आणि व्हिडिओचं इंग्रजी स्पेलिंग मुद्दाम चुकवूनही बघा. मला मिळालेल्या दोन चांगल्या वस्तू चुकीच्या स्पेलिंगखालीच सापडल्या. शहराच्या नावाचाही एक घोळ आहे. २०२३ मध्ये औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं, पण जुन्या जाहिराती जुन्याच नावाखाली पडून आहेत. दोन्ही नावं टाका. मात्र पैसे पाठवण्याआधी औरंगाबाद कुठलं ते विचारा, कारण एक औरंगाबाद बिहारमध्येही आहे. मी एकदा तासभर घासाघीस केली आणि मग कळलं की माणूस तिकडचा आहे.

तोंड बघून घेऊ नका, शेपूट बघा

सगळ्यात महागात पडणारी चूक ही. बैलबाजारात दात बघतात, तसा इथे प्लग बघायचा. रिमोट दिसायला हुबेहूब जुळला तरी वायरीच्या टोकाला काय आहे त्यावरच सगळं ठरतं.

फॅमिकॉमचे दोन्ही रिमोट मशीनला आतूनच जोडलेले असतात, बाहेर प्लगच नसतो. त्यामुळे सुटा मिळालेला असा रिमोट बसवायचा तर मशीन उघडावं लागतं. समोरचं १५ पिनांचं सॉकेट गेमची बंदूक वगैरे जोडण्यासाठी असतं. १९८५ मध्ये अमेरिकेत आलेल्या एनईएसचा, म्हणजे निन्टेन्डोच्याच तिकडच्या मशीनचा, प्लग सात पिनांचा. जपानमध्ये १९९३ साली फॅमिकॉमचं सुधारित मॉडेल निघालं, त्यालाही तोच सात पिनांचा प्लग चालतो. आपल्या घरोघरी होते ते बहुतेक टीव्ही गेम म्हणजे फॅमिकॉमच्या नकला. त्यांना बऱ्याचदा नऊ पिनांचा, इंग्रजी डी आकाराचा प्लग असे.

गोची या नऊ पिनांतच आहे. सेगा कंपनीच्या मेगा ड्राइव्ह मशीनचा प्लगही तसाच, अटारी २६०० या मशीनचाही तसाच. तिन्ही एकमेकांत सहज घुसतात, आणि घुसलं म्हणजे चाललं असं वाटतं. पण मेगा ड्राइव्हला पाच व्होल्ट मिळतात पाचव्या पिनेवर, अटारीला सातव्या पिनेवर, आणि नकली मशीनचा हिशेब या दोघांपेक्षा निराळा. रिमोट चालणार नाहीच, वर मशीनच्या पोर्टचं नुकसान होऊ शकतं. प्लग कापून दुसरा जोडणाऱ्यांसाठी अजून एक गोष्ट: नकली रिमोटमध्ये वायरींच्या रंगांवर भरवसा ठेवू नका. लाल म्हणजे पॉझिटिव्ह असेलच असं नाही. मल्टिमीटर बझरवर लावा आणि पिनेपासून बोर्डापर्यंत एकेक वायर तपासा.

‘ओरिजिनल’ शब्दावर जाऊ नका

विकणाऱ्याकडून दोन फोटो मागा, एक प्लगचा आणि एक मागचे स्क्रू काढून बोर्डाचा. प्लग यूएसबीचा असेल तर तो आजकालचा कॉम्प्युटरसाठीचा तुकडा, जुन्या मशीनला लागणार नाही. खऱ्या एनईएस किंवा फॅमिकॉमच्या रिमोटमध्ये १६ पायांची ४०२१ जातीची चिप स्पष्ट दिसते. नकलेत तिच्या जागी काळ्या डांबरासारखा थेंब असतो. थेंबवाला वाईट असतो असं नाही, लहानपणी कॉन्ट्रा आपण त्यावरच खेळलो. पण त्याला खऱ्याचा भाव देऊ नका. आणि काही बटणं ‘नाहीत’ म्हणून रिमोट फेकून देण्याआधी जालन्याचं पोतं आठवा.

बंदूक घेणाऱ्यांनी एवढंच लक्षात ठेवावं की ती जुन्या डबा टीव्हीवरच चालते. एलसीडीवर गेममधलं बदक पडणार नाही, आणि त्यात विकणाऱ्याची काही चूक नाही.

‘मेला’ म्हणून टाकण्याआधी

या रिमोटचं काम सोपं आहे. वायरीत पाच तारा असतात: वीज, ग्राउंड, आणि बाकी तीन कामाच्या. मशीन एका तारेवर इशारा करतं तेव्हा चिप आठही बटणांची स्थिती पकडून ठेवते. दुसऱ्या तारेवरच्या ठोक्यांसरशी ती एकेक बटण तिसऱ्या तारेवरून कळवते: ए, बी, सिलेक्ट, स्टार्ट, मग वर, खाली, डावं, उजवं. हे कळलं की निदान घरबसल्या होतं.

एकच बटण मेलं असेल तर रबराखालचा काळा कार्बन झिजलाय किंवा मळलाय. सगळीच मेली असतील तर बहुधा वायर तुटली आहे, आणि ती तुटते रिमोटच्या गळ्याशीच, कारण लहानपणी आपण मशीन वायरीने ओढत होतो. ए दाबल्यावर सगळी बटणं एकदम दाबल्यासारखं होत असेल तर ठोक्याची तार तुटल्याचा संशय घ्या. आणि दोन वेगवेगळे रिमोट एकाच पोर्टवर बंद दिसत असतील तर मशीनकडे बघा, रिमोटला दोष देऊ नका.

तपासायला मारिओ लावू नका. त्यात पहिला मरेपर्यंत दुसऱ्याची पाळी येत नाही. कॉन्ट्रा किंवा टँक लावा, दोघं एकदम खेळतात.

साफ करायला थिनर तर मुळीच नको. मी एका सुंदर रिमोटचं तोंड थिनरने असं पुसलं की प्लास्टिक चिकट होऊन त्यावर माझ्या बोटांचे ठसे कायमचे उमटले. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कानकोरणी कापूस पुरे. कार्बनवर सँडपेपर घासू नका. तात्पुरतं काम भागवायला मऊ पेन्सिलचं शिसं चालतं. आणि मिळालेला माल पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवू नका. मराठवाड्यातल्या मे महिन्यात तिथे रबराचं काय होतं ते मी सांगायला नको.

माझा शोध अजून चालू आहे. संभाजीनगरातल्या जाफर गेटच्या रविवारच्या बाजारात एका चाचांकडे माझा नंबर आणि त्या मरून रिमोटचा फोटो देऊन ठेवलाय. गेल्या महिन्यात त्यांचा फोन आला, “भैया, तुम्हारा माइकवाला रिमोट आ गया.” जेवण अर्धवट टाकून गेलो. कराओकेचा माइक होता.