पाऊच मरून, वेबसाइट गुलाबी: या चुका टाळा

जळगाव-धुळ्याकडच्या मसाला, पापड, केळी वेफर्सवाल्यांची पाकिटं डिझाइन करणं आणि मग त्यांच्या वेबसाइटचे घोळ निस्तरणं, हे माझं रोजचं काम. घोळ ठरलेले असतात.

पहिला म्हणजे फोटोवरून रंग उचलणं. एका काळ्या मसाल्याचं पाऊच गर्द मरून होतं, वर सोनेरी पट्टा. मालकाने दुकानातच ट्यूबलाइटखाली त्याचा फोटो काढून साइट करणाऱ्या पोराला व्हॉट्सॲप केला. लॅमिनेशनची चकाकी बरोबर मधोमध. पोराने आयड्रॉपर, म्हणजे फोटोतला रंग उचलायचं टूल, नेमकं तिथेच टेकवलं आणि अख्खी साइट ब्युटी पार्लरसारखी गुलाबी झाली. दिवाळीच्या तोंडावर पुण्याहून एका बाईंनी माल मागवला. पार्सल हातात पडताच फोन: "काका, डुप्लिकेट पाठवलं का?" त्यांचं काय चुकलं? पैसे परत करावे लागले. वर मालक मला विचारतो, "काय भो, पाऊचचाच रंग बदलून टाकू का?" छापून आलेले रोल भंगारात घालायचे, कशासाठी? तर साइटवरची एक ओळ बदलायचा कंटाळा!

रंग छपाईच्या मूळ फाइलमधून घ्या. डिझाइनचं सॉफ्टवेअर कोरल असो की इलस्ट्रेटर, डिझायनरकडून ती मागून घ्या, लाजू नका; पैसे तुम्हीच दिलेत. स्पॉट कलर, म्हणजे आधीच मिसळून तयार केलेली शाई, वापरला असेल तर त्या रंगाचा पॅन्टोन नंबर विचारा. मिरची पावडरवाल्यांनी तर जपूनच राहावं. मॅजेंटा १००, पिवळा १०० हा छपाईतला लाल इलस्ट्रेटरच्या नेहमीच्या सेटिंगवर आरजीबीत, म्हणजे स्क्रीनच्या लाल-हिरवा-निळा आकड्यांत, साधारण २३७, २८, ३६ येतो. घाई झालेली पोरं सरळ २५५, ०, ० ठोकतात. तो लाल चार शायांच्या छपाईत उतरतच नाही. माझी सवय अशी: पाऊच खिडकीपाशी धरायचं, शेजारी एखादा स्वस्तातला फोन, त्यातला रंग भडक करणारा व्हिव्हिड मोड बंद, आणि दोन्हीकडे आलटून पालटून बघायचं. लॅपटॉपवर मी रंग पास करत नाही. गिऱ्हाईक फोनवर बघतं.

सोनेरीचा नाद सोडा. फॉइलची चमक स्क्रीनवर येत नाही, ग्रेडियंट मारला की लग्नपत्रिका होते. सपाट गेरूसारखा पिवळा घ्या, तोही थोडाच.

दुसरा मोठा घोळ अक्षरांचा. पाऊचवरचा मजकूर बहुतेक वेळा श्रीलिपी या टायपिंग सॉफ्टवेअरच्या जुन्या फॉन्टमध्ये असतो, युनिकोडमध्ये (कुठल्याही फोनवर नीट दिसणाऱ्या अक्षरांत) नसतो. तो कॉपी करून साइटवर टाकला की नुसता कचरा दिसतो. मग कोणीतरी घाईत पुन्हा टाइप करतं. पाऊचवर 'खान्देशी', साइटवर 'खानदेशी', आणि बिलावर तिसरंच काहीतरी. ब्रँडचं नाव टाइप करूच नका. मूळ फाइलमधून अक्षरं कर्व्ह करून, म्हणजे त्यांचं चित्र बनवून, एसव्हीजी फाइल काढा. बाकीचा मजकूर मात्र युनिकोडमध्ये नव्याने टाइप करून घ्या. मुक्ता किंवा बालू फॉन्ट घ्या, दोन्ही गूगल फॉन्ट्सवर फुकट आहेत. टाइप झाल्यावर घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला वाचायला द्या. चुका तीच माणसं धरतात.

छपाईसाठीची सीएमवायके (चार शायांच्या रंगांतली) जेपीजी साइटवर चढवू नका. काही ठिकाणी रंग भडक होतात, काही ठिकाणी मळकट.

मसाला दिसला की हिरव्या पानांची 'ऑरगॅनिक' टेम्प्लेट लावणाऱ्यांना मी काय सांगणार.

वेफर्सच्या पानावर केरळच्या पिवळ्याधमक नेंद्रन चिप्सचा आयता फोटो नको. आपल्या पाकिटातून काय निघतं ते ताटलीत ओता आणि त्याचा फोटो काढा. जळगावच्या केळीला २०१६ साली जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं ते फळाला, वेफर्सला नाही. पाकिटावर नसलेला शिक्का साइटवर चिकटवू नका.

आणि वजन. पाऊच १८० ग्रॅमवर आलं, साइटवर अजून २००. ऑनलाइन विकताना निव्वळ वजन, एमआरपी, उत्पादकाचं नाव-पत्ता दाखवणं पॅकेज्ड कमोडिटीज नियमांनुसार बंधनकारक आहे, तिथे 'राहून गेलं' चालत नाही. नवा रोल मशीनवर चढेल त्याच दिवशी साइटवरचा फोटो आणि आकडा बदला. जुना माल शिल्लक असेल तर दोन्ही पाऊच वेगवेगळे दाखवा, प्रत्येकाचं वजन आणि भाव त्याच्याखाली.