छोटा फुल-फ्रेम कॅमेरा निवडताना किनाऱ्यावर महागात पडणाऱ्या या चुका टाळा

पावसाळा सरून नारळीच्या झापांवरचं पाणी वाळलं की मालवणात आमच्याकडे कॅमेऱ्याची चौकशी करणारे यायला लागतात. गेल्या दोन वर्षांत प्रश्न बहुतेक एकच असतो: सोनीचा ए७सी-टू घेऊ, की पॅनासॉनिकचा लुमिक्स एस९? दोन्ही फुल-फ्रेम, म्हणजे प्रकाश टिपणारा सेन्सर जुन्या ३५ मिमी फिल्मच्या चौकटीएवढा असलेले, दोन्ही खिशाएवढे नाहीत पण खांद्यावरच्या शबनममध्ये मावतील असे. सोनीचा २०२३ च्या ऑगस्टमध्ये जाहीर झाला, लुमिक्सचा २०२४ च्या मे महिन्यात. विचारणाऱ्याकडे फोनवर एक तक्ता असतो आणि त्यात वजन, मेगापिक्सेल, सेकंदाला किती फोटो, असे आकडे शेजारी शेजारी मांडलेले असतात. आकडे खरे असतात. पण आपल्या किनाऱ्यावर कॅमेरा ज्या गोष्टींवर अडतो, त्यातल्या निम्म्या त्या तक्त्यात नसतातच.

नुसत्या बॉडीचं वजन बघणं

बॅटरी आणि कार्ड धरून सोनी ५१४ ग्रॅम, लुमिक्स ४८६ ग्रॅम. फरक २८ ग्रॅमचा, म्हणजे मूठभर काजूगरांचा. एवढ्यावर कोणी निर्णय घेऊ नये. वजन ठरतं लेन्सवर. सोनीची २८-६० मिमीची छोटी झूम १६७ ग्रॅमची आहे, लुमिक्सची १८-४० मिमी १५५ ग्रॅमची. या लेन्स लावल्या तर दोन्ही कॅमेरे खरोखर छोटे राहतात. पण सोनीवर २४-७० मिमी एफ २.८ ची (एफचा आकडा लहान, तेवढं लेन्सचं छिद्र मोठं) नवी जी-मास्टर, म्हणजे सोनीची वरच्या दर्जाची लेन्स, चढवली की त्या लेन्सचेच ६९५ ग्रॅम होतात, आणि एवढ्याशा बॉडीला पुढून ओढ बसते. बोटांना धरायला जागा कमी, त्यात घामट हात. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या तटावरून तासभर तसं फिरलात की मनगट बोलायला लागतं.

म्हणून आधी लेन्स ठरवा. एकच लेन्स घेऊन फिरणार असाल तर लुमिक्सची २८-२०० मिमी अवघी ४१३ ग्रॅमची आहे. सोनीसाठी टॅमरॉनची २८-२०० मिळते, ती ५७५ ग्रॅमची, पण जास्त उजेड आत घेणारी. सिग्माची ४५ मिमी एफ २.८ दोन्ही माउंटमध्ये, म्हणजे दोन्ही कॅमेऱ्यांना बसेल अशा तोंडाची, येते. दोन्ही कॅमेऱ्यांची तुलना मला करायची असेल तर मी तीच लेन्स दोन्हीवर लावून करीन. वेगळ्या लेन्स लावून काढलेल्या फोटोंवरून कॅमेऱ्याचा निकाल लावणं म्हणजे दोन वेगळ्या पाट्यांवर वाटलेल्या मसाल्यावरून माशाची चव ठरवणं.

व्ह्यूफाइंडर नसला तरी चालेल असं दुकानात उभं राहून ठरवणं

लुमिक्स एस९ ला व्ह्यूफाइंडर, म्हणजे डोळा लावून बघायची खिडकी, नाही आणि बाहेरून जोडायचीही सोय नाही. सोनीला आहे. तो मोठा नाही, २३.६ लाख ठिपक्यांचा, मागच्या बाजूला डाव्या कोपऱ्यात. चष्मेवाल्यांना सगळ्या कडा एका नजरेत दिसत नाहीत. तरीही सकाळी अकरा वाजता तारकर्लीच्या पांढऱ्या वाळूवर उभे राहा, म्हणजे त्या छोट्या खिडकीची किंमत कळेल. पडद्यावर आपलंच तोंड आणि आभाळ दिसतं.

यातून पुढची चूक होते. पडदा दिसेना म्हणून लोक त्याची चमक पूर्ण वाढवतात, मग त्या उजळ पडद्यावर फोटो छान वाटतो, आणि घरी आल्यावर कळतं की सगळे फोटो अंधारे आले आहेत. पडद्याच्या चमकेवरून एक्स्पोजर, म्हणजे फोटोत किती उजेड घ्यायचा ते, ठरवू नका. हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाचा आलेख, चालू ठेवा, आणि फार उजळ भागावर पट्टे दाखवणारा झेब्रा लावा. लाटेच्या फेसावर झेब्राचे पट्टे नुकते दिसायला लागतील तिथे थांबा. हा उपाय दोन्ही कॅमेऱ्यांवर चालतो. एस९ वापरणाऱ्याला तर तो अंगवळणीच पाडावा लागतो.

हे सांगितल्यावर पुष्कळदा लोक एस९ नकोच म्हणतात. तसंही नाही. शिमग्यात पालखी नाचवली जाते तेव्हा गर्दीत कॅमेरा डोक्यावर धरूनच फोटो काढावा लागतो, तिथे व्ह्यूफाइंडर कोणाच्याच कामाचा नाही. बाजूला उघडून फिरणारा पडदा दोघांनाही आहे.

शटरची ओळ वाचून पुढे जाणं

माझ्या मते सगळ्यात मोठी चूक ही, आणि ती बहुतेकांच्या लक्षात येते ती जत्रेतून परत आल्यावर.

एस९ मध्ये यांत्रिक शटर नाहीच. फक्त इलेक्ट्रॉनिक. म्हणजे सेन्सरपुढे शटरचा पडदा उघडत-मिटत नाही, सेन्सर वरून खाली ओळीओळीने वाचला जातो. पहिली ओळ आणि शेवटची ओळ एकाच क्षणाची नसते. हर्णैच्या बंदरात लिलावाच्या वेळी माशांवर घिरट्या घालणारे पक्षी टिपलेत, तर पंख वाकडे येऊ शकतात. पण पक्ष्यांपेक्षा जास्त त्रास देतो तो दिवा.

आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची. त्यावर चालणारे साधे दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. डोळ्याला ते जाणवत नाही, ओळीओळीने वाचणाऱ्या सेन्सरला मात्र जाणवतं. काही ओळी तेज उजेडात वाचल्या जातात, काही मंद उजेडात, आणि फोटोवर आडवे पट्टे उमटतात. आता दशावताराचा विचार करा. देवळासमोर मांडव, एक बाकडं, बाजूला पायपेटी, मृदंग आणि झांज. पूर्वी पेट्रोमॅक्सच्या उजेडात खेळ व्हायचा. आता वरून रंगीत एलईडी सोडलेले असतात. युद्धाचा प्रसंग आला की पात्रं गरगर फिरतात, तिथे शटरचा वेग १/२५० सेकंद तरी हवा. इलेक्ट्रॉनिक शटरवर १/२५० ठेवलात की पट्टे येण्याची भीती. पट्टे टाळायला १/१०० वर आलात की तलवारीचा हात पुसट. या कात्रीतून एस९ वर पूर्ण सुटका नाही. १/१०० किंवा १/५० वर राहायचं, आणि पात्र क्षणभर थबकतं, डोळे वटारतं, हात उचलून स्थिर धरतं, तो क्षण पकडायचा. दशावतारी नट असे क्षण भरपूर देतात, त्यामुळे हे काम जमतं, पण धीर लागतो. स्वस्तातले रंगीत एलईडी तर वेगळ्याच गतीने लुकलुकतात. तिथे १/१०० नेही पट्टे गेले नाहीत तर शटर थोडं थोडं खाली-वर करून बघण्याशिवाय इलाज नाही.

सोनीला यांत्रिक शटर आहे आणि १०० हर्ट्झची लुकलुक ओळखून तेज क्षणी फोटो घेण्याची अँटी-फ्लिकरची सोयही आहे. मात्र ही सोय मेनूतून चालू करावी लागते, आणि सायलेंट मोडमध्ये, जिथे शटर आवाज न करता इलेक्ट्रॉनिकच चालतं, ती चालत नाही. खेळाला व्यत्यय नको म्हणून कित्येक जण सायलेंट मोड लावून बसतात आणि हातचा फायदा घालवतात. सोनीच्या ३३ मेगापिक्सेल सेन्सरचं वाचन सावकाश आहे, त्यामुळे सायलेंट मोडमध्ये हलती वस्तू वाकडी येण्याचा धोका इथेही आहेच. मृदंग घुमत असताना शटरची टकटक कोणालाही ऐकू जात नाही. यांत्रिक शटरच ठेवा.

सोनीची एक मर्यादाही सांगायला हवी. तिचं यांत्रिक शटर अर्धंच यांत्रिक आहे. सुरुवात इलेक्ट्रॉनिक, शेवट शटरच्या पडद्याचा. १/४००० च्या आसपास, एफ १.८ सारख्या उघड्या लेन्सवर भर उन्हात फोटो काढलात तर मागच्या धूसर ठिपक्यांच्या कडा कापल्यासारख्या दिसतात. 'लेन्स बिघडली' म्हणून दुरुस्तीला धावू नका. उजेड कमी करणारा एनडी फिल्टर लावा किंवा छिद्र थोडं लहान करा, शटर खाली येईल.

दशावताराचा विषय निघालाच आहे तर फोकसचंही सांगतो. संकासुर काळ्या वेशात, मुखवटा लावून येतो. डोळे ओळखणारा फोकस दोन्ही कॅमेऱ्यांवर तिथे चाचपडतो, कारण त्याला माणसाचा चेहरा सापडत नाही, आणि तो मागे बसलेल्या प्रेक्षकांच्या चेहऱ्यांवर जाऊन बसतो. कॅमेऱ्यात दोष नाही. चेहरा ओळखणं बंद करून छोटा चौकोन त्याच्या छातीवर ठेवा. काळा रंग बघून कॅमेरा उजेड वाढवतो, म्हणून एक्स्पोजर उणे एककडे न्या.

फ्लॅश बसतो म्हणजे पेटतो असं धरून चालणं

एस९ वर फ्लॅश ठेवण्याची खाच आहे, पण तिला विजेचे संपर्क नाहीत. तिथे माइक किंवा छोटा एलईडी अडकवता येतो, फ्लॅश पेटणार नाही. लग्नाची कामं घेणाऱ्याने ही एक गोष्ट कळल्यावर विचार तिथेच थांबवावा. वेळासला किंवा आंजर्ल्याला कासवांची पिल्लं समुद्रात सोडताना बघायला जाणाऱ्याला मात्र यात काही उणं नाही. त्या पिल्लांवर फ्लॅश मारायचाच नसतो. सकाळ-संध्याकाळचा मऊ उजेड, वाळूला टेकवलेला कॅमेरा, वर वळवलेला पडदा, एवढं पुरतं. फक्त तिथे लेन्स बदलू नका. एस९ मध्ये सेन्सरपुढे शटरचा पडदा नसल्याने लेन्स काढली की सेन्सर उघडाच, आणि किनाऱ्यावरची बारीक वाळू वाऱ्याबरोबर कुठेही शिरते.

मेगापिक्सेल

३३ विरुद्ध २४. ऐकायला मोठा फरक. फोटोची रुंदी मोजली तर ७,००८ पिक्सेल विरुद्ध ६,०००, म्हणजे सतरा टक्के. दोन्ही फोटो पडद्यावर शंभर टक्के मोठे करून शेजारी ठेवू नका, एकाच मापाला आणून बघा. आणि दुपारच्या तापलेल्या वाळूवरून दूरच्या होडीचा फोटो काढलात तर थरथरणारी हवा दोघांचाही बारकावा सारखाच खाते.

व्हिडिओला दुय्यम समजणं

माझी एक मावसवहिनी देवबागला घरगुती निवास चालवते. खोल्या, माडाची बाग, सकाळची घावन-चटणी यांचे छोटे व्हिडिओ ती स्वतः करते. तिला मी एस९च सुचवला. त्यात सेन्सरची ३:२ ची पूर्ण चौकट ६के मध्ये घेता येते, मग त्याच चित्रणातून उभा व्हिडिओही कापता येतो आणि आडवाही. रंगांचे लट (LUT), म्हणजे व्हिडिओला द्यायच्या तयार रंगछटा, कॅमेऱ्यातच, एका बटणावर. तिला फ्लॅश नको, पक्षी नकोत. पण तिलाही दोन गोष्टी आधी सांगितल्या. हा कॅमेरा बाजारात आला तेव्हा ४के चं सलग चित्रण १५ मिनिटांवर थांबत होतं, घेताना सध्याच्या फर्मवेअरवर, म्हणजे कॅमेऱ्यातल्या सॉफ्टवेअरवर, काय आहे ते दुकानात चालवून बघ. आणि हेडफोनचं भोक यात नाही, सोनीत आहे. वाऱ्यात माइक काय पकडतोय ते चित्रण करतानाच ऐकायचं असेल तर हा फरक मोठा. दोन्ही कॅमेऱ्यांत ४के मध्ये सेकंदाला ६० फ्रेमवर गेलं की कडा कापल्या जातात, त्यामुळे छोट्या खोलीत तो पर्याय उपयोगाचा नाही.

मे महिन्यात उन्हात सोनी तापून बंद पडत असेल तर आधी मेनूत आपोआप बंद होण्याचं तापमान 'हाय' वर करा. मुळात ते 'स्टँडर्ड' वर असतं. पडदा बॉडीपासून बाहेर उघडून ठेवा. पंखा दोघांतही नाही, म्हणून छत्री धरणारा माणूस बरोबर असलेला बरा.

कार्डाची जागा दोघांतही एकच. रोज संध्याकाळी नक्कल काढा.

खारं वारं आणि बुरशी

सोनी आपल्या बॉडीला धूळ आणि ओलावा रोखण्याच्या दृष्टीने बनवलेली म्हणते. याचा अर्थ पावसात न्या असा नाही. एस९ ला तशी बंदिस्ती नाही. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढताना गुडघाभर पाण्यात उतरणार असाल, पावसात सागरी मार्गाने भटकणार असाल, तर लुमिक्समध्ये एस५-टू बघा. तो बॅटरी-कार्डासकट ७४० ग्रॅमचा, जड आहे, पण बंदिस्त आहे आणि त्यात पंखाही आहे. छोटेपणासाठी काय सोडतो आहोत हे माहीत असावं.

लेन्सवर लाटेचे तुषार उडाले तर कोरड्या कापडाने पुसू नका. पाणी वाळतं, मीठ राहतं, आणि ते काचेवर घासलं जातं. मी असा एक चांगला फिल्टर कायमचा खरवडून घेतला आहे. आधी ब्लोअरने वाळू उडवा, मग गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या मऊ कापडाने मीठ टिपा, शेवटी कोरडं कापड. तिवईचे, म्हणजे ट्रायपॉडचे, पाय घरी आल्यावर नळाखाली धुवा.

एसीच्या खोलीतून थेट बाहेर आलात की काच धुरकटते. निघण्याआधी कॅमेरा बंद पिशवीत घाला आणि बाहेर आल्यावर अर्धा तास तसाच राहू द्या.

बुरशी या सगळ्यांत वाईट. आषाढ-श्रावणात आपल्याकडे हवेतला ओलावा ८०-९० टक्क्यांवर असतो आणि कॅमेऱ्याची मऊ अस्तराची बॅग तो धरून ठेवते. माझ्या पहिल्या ५० मिमी लेन्समध्ये कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तेव्हा ती चार महिने अशाच बॅगेत कपाटात पडून होती. साफ करून घेतली तरी काचेवरचा लेप गेला तो गेलाच. ड्राय कॅबिनेट, म्हणजे आतली हवा कोरडी ठेवणारं कपाट, परवडत नसेल तर घट्ट झाकणाचा डबा, त्यात ओलावा मोजणारं छोटं यंत्र आणि भरपूर सिलिका जेल ठेवा. काटा ४० ते ५० टक्क्यांमध्ये राहिला पाहिजे. तांदूळ घालू नका, त्याची भुकटी आत जाते. निळे खडे गुलाबी झाले, किंवा नारिंगी हिरवे झाले, की त्यांचं काम संपलं. पावसाळ्यात ते उन्हात वाळत नाहीत, ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर वाळवा. आणि पंधरा दिवसांनी एकदा लेन्स बाहेर काढून, मागून टॉर्च मारून आत बघा. सोनी असो वा लुमिक्स, या डब्याचा खर्च पहिल्या दिवशीच हिशेबात धरा.